एक ग्लास कमी

माझं नाव नवसाबाई. ख्रिस्ती बाईचं हे कसलं नाव, असं लोक विचारतात. आईबापांचा बाप्तिस्मा व्हायच्या आधी मी जन्मले, म्हणून ते नाव राहिलं. स्वभाव तापट, तोही तसाच राहिला.

नाशिकरोडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीसोबत घ्यायचा, द्राक्षरस गेली वीस वर्षं मी करते. मार्चमध्ये काळी द्राक्षं आणायची, उकळायची, फडक्यातून गाळायची, बाटल्या भरून फ्रीजमध्ये ठेवायच्या. साखरेचा कण घालत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी गाणी चालू असली की मी आतल्या खोलीच्या दारातून डोकी मोजते आणि तेवढे छोटे छोटे ग्लास भरून ट्रेमध्ये लावते.

फक्त एक ग्लास मी मुद्दाम कमी भरायचे. केरूचा.

केरू सुरगाण्याकडचा, जीप चालवायचा. बावीस वर्षांपूर्वी दारूच्या नशेत त्यानं घाटात जीप उलटवली. माझे मिस्टर त्यात गेले, शांतवन गुरुजी. शाळेला सुट्टी लागली म्हणून घरी येत होते. केरू जेलात गेला, सुटला, दारू सोडली, आणि मेल्यानं यावं कुठं? तर आमच्याच चर्चमध्ये. एकदा माझ्या दारात हात जोडून उभा राहिला. मी दार लावून घेतलं.

पण माणूस चिवट. चौदा वर्षांत त्याचा एक रविवार चुकला नाही. शनिवारी येऊन अंगण झाडायचा, बाकं पुसायचा, रविवारी शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात बसायचा. प्रभुभोजन मात्र घ्यायचा नाही. भाकर आली की मान हलवायचा, ट्रे आला की मान हलवायचा. पाळकसाहेबांनी किती समजावलं, पण आपल्यासारख्याला ते चालत नाही, हे एकच त्याचं म्हणणं. सुरुवातीला त्याचा ग्लास भरलेलाच परत यायचा, मी तो कढीपत्त्याच्या बुडाशी ओतायचे. मग भरायचंच बंद केलं. स्वतःला सांगायचे, उगीच नासाडी कशाला. नासाडी कसली, त्याच्या वाटणीचा ग्लास भरताना माझं काळीज जळायचं. आणि खरं सांगू? तो मान हलवायचा तेव्हा मला बरं वाटायचं.

गेल्या वर्षी केरूला पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले. तरी तो शनिवारी झाडू घेऊन हजर. प्रभुभोजनाच्या आदल्या अशाच एका शनिवारी मी मागच्या दारानं बाटल्या ठेवायला गेले, तर पुढच्या पायरीवर तो आणि आमचे सुयश पाळक बसलेले. मी दाराआडच थांबले.

"साहेब, मरायचं भ्या नाय," केरू म्हणत होता. "पण वर गुरुजी भेटले तर त्यांना कोणतं तोंड दाखवू?"

पाळक म्हणाले, "केरूभाऊ, गुरुजी तरी स्वतःच्या जोरावर गेलेत का तिथं? तेही देवाच्या कृपेनंच गेले. तुम्ही चौदा वर्षं लायक व्हायची वाट बघताय. तसं कोणीच होत नाही. कृपा कमवायची नसते, हात पुढं करून घ्यायची असते. उद्या हात पुढं करा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुठं माझा देवमाणूस नवरा आणि कुठं हा, आणि पाळकांनी दोघांना एका बाकावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी मी डोकी मोजली, मला धरून त्रेचाळीस. बेचाळीस ग्लास भरले. त्रेचाळिसावा हातात घेतला होता, देवाशप्पथ घेतला होता. मग म्हटलं, घेतोय कसला, आणि परत खोक्यात ठेवून दिला.

केरूनं भाकर घेतली. अख्ख्या मंडळीनं मागं वळून बघितलं. मग ट्रे फिरला. आमच्याकडे ग्लास हातात धरून थांबायचं आणि पाळकांनी सांगितल्यावर सगळ्यांनी मिळून प्यायचं, अशी रीत आहे. ट्रे शेवटच्या बाकावर पोचला. केरूनं हात पुढं केला. ट्रे रिकामा होता.

पाळकांनी माझ्याकडे बघितलं. केरूनं हात हळूच मागं घेतला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. माझा नसतोच त्यात. मला म्हाईत हाय."

म्हणजे याला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं, आणि यानं कोणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं याच ट्रेतला ग्लास मी ताठ मानेनं पीत होते, आणि हा मागं उपाशी बसत होता. आमच्या दोघांत पापी कोण, हे मला त्या घडीला कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मी उठले. माझा ग्लास घेऊन शेवटच्या बाकापर्यंत गेले.

"घे," म्हटलं.

"बाई, मग तुम्हाला?"

"गुपचूप घे."

त्यानं अर्धा प्यायला आणि ग्लास माझ्यापुढं धरला. गुरुजी असताना त्यांच्या कपातला उरलेला चहा मी प्यायचे. ते गेल्यावर मी कोणाचं उष्टं तोंडाला लावलं नव्हतं. त्या दिवशी केरूचं उष्टं प्यायले, सगळ्यांच्या देखत, आणि उभ्या उभ्या रडले.

नंतर तो पायरीवर दम खात बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "केरू, वर गुरुजी भेटले तर तोंड लपवू नकोस. त्यांना सांग, नवसा मुद्दाम एक ग्लास कमी भरायची. तिलाही माफ करा म्हणावं."

केरूनं पायरीवर पडलेलं एक पान उचलून बाजूला टाकलं.

"म्या नाय सांगायचो," तो म्हणाला. "ती गोष्ट खालीच ऱ्हाऊ द्या. तुम्ही या सावकाश. तवर म्या गुरुजींच्या संगं बसतो."

सतरा दिवसांनी तो गेला.