लाभ, दोन, तीन

मापं पाच होती: पायली, अधोली, शेर, मापटं आणि चिपटं. चिंचोके एकशे सोळा, त्यांतले चोवीस मधोमध फोडलेले. शेजारच्या काशम्माच्या मागावर उरलेल्या रंगीत सुताच्या गुंड्या सात. पाटी एक, तीही कोपरा उडालेली. १९७४च्या उन्हाळ्यात, सोलापुरात गिरणीमागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, एवढ्या सामानावर शाळा चालायची. विद्यार्थिनी एकच, साडेपाच वर्षांची बजा. शिकवणारी तिची आई, सोजरबाई.

बजाचा बाप कुंडलिक बाजारात धान्य मोजून देणारा मापाडी होता. सरकारने किलो आणि लिटर आणले तशी जुनी मापं बाद झाली, आणि आडत्याने ती कोपऱ्यात भिरकावली. कुंडलिकने ती गोणपाटात गुंडाळून घरी आणली. तेव्हापासून ती फळीवर पडून होती. आता तो तराजू धरायचा, पण तोंडातली मोजणी जुनीच होती.

दुपारची भांडी झाली की सोजरबाई गोणपाट अंथरायची. समोरच्या बांधकामावरची वाळू बजा स्वतः घमेल्यातून आणायची. मग पैज लागायची. ओतायच्या आधी अंदाज सांगायचा. चुकेल त्याने खोलीभर बेडूकउड्या मारायच्या.

"सांग, शेरात मापटी किती?"

"तीन!"

"बघ की वतून."

दोन मापट्यांतच शेर शिगोशीग भरला आणि बजाने सहा उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सोजरबाई मुद्दाम चुकली. आई पदर खोचून बेडकासारखी उडतेय हे बघून बजा हसून हसून वाळूत लोळली. दारातून काशम्मा ओरडली, "अगं सोजरा, पोरीला शिकवतीस का सर्कशीत घालतीस?"

आठवडाभरात बजाच्या एक गोष्ट ध्यानात आली. "आये, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली. समदीकडं दोनच कसं गं?" आणि मग, वाळूचा एक कणही न हलवता, बोटांवर कितीतरी वेळ काहीतरी करून ती म्हणाली, "पायलीत सोळा चिपटी." सोजरबाईने ओतून पाहिलं. सोळा भरली. त्या दिवशी तिने खऱ्याखुऱ्या उड्या मारल्या.

संध्याकाळी भाकरीच्या पिठाची पाळी असायची. काठवटीत पीठ पसरून सोजरबाई बोटाने अक्षर काढायची, बजा ते गिरवायची, आणि मग त्याच पिठात पाणी पडायचं. "आज मी ग खाल्ला," बजा बापाला सांगायची. पण ही अक्षरं 'न'पर्यंतच जायची. सोजरबाई दुसरीत असताना तिला धाकट्या भावाला सांभाळायला शाळेतून काढलं होतं. दोन महिन्यांपुरतं म्हणून काढलं, ते कायमचंच. एवढ्या वर्षांत 'न'च्या पुढचं पुसून गेलं होतं.

म्हणूनच मे संपता संपता तिचा दीर कोंडीबा मोडनिंबहून आला, तेव्हा तो कशासाठी आलाय हे तिने लगेच ओळखलं. कोंडीबाच्या बायकोला मूल झालं होतं आणि ती रानात जायला लागली होती.

"वैनी, बजीला न्यावं म्हनतो," तो चहा बशीत ओतत म्हणाला. "पाळना हलवाय कुनीतरी पायजे. दिवाळीपतूर."

"भावजी, तिला शाळंत घालायची हाय औंदा."

"सहा तरी पुरी हायत का? पुढच्या सालाला घाला की. शाळा काय पळून जातीया?"

कुंडलिक भावापुढे कधी बोलायचा नाही. शेवटी त्यानेच तोडगा काढला: शाळेने घेतली तर बजा राहील, नाही घेतली तर कोंडीबाबरोबर जाईल. कोंडीबा मान हलवून उठला आणि शाळा उघडली त्या सोमवारी पिशवी घेऊन हजर झाला.

शाळेच्या व्हरांड्यात पोरांची आणि आयांची दाटी होती. टेबलामागे जगदेवीबाई बसल्या होत्या. वर्ग भरत आला होता, म्हणून सहाच्या आतल्या मुलांना त्या वीसपर्यंत मोजायला लावत होत्या. येईल त्याला घ्यायचं, इतरांनी पुढच्या वर्षी. त्यांनी खडूचे वीस तुकडे टेबलावर पसरले.

"मोज बघू, बाळ."

बजाने पहिला तुकडा बाजूला सारला. "लाभ," ती मोठ्याने म्हणाली. "दोन, तीन, चार..." आणि न अडखळता वीसपर्यंत गेली.

पोरं खिदळली. बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून म्हण. एक..."

"लाभ, दोन, तीन..."

"लाभ नाही गं. एक म्हण."

बजाने ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"बाकीचं येतं, पण एकच येत नाही हिला," बाई वही पुढे ओढत म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आणा."

"चला वैनी," मागून कोंडीबा म्हणाला. "एकची यष्टी सापडंल."

सोजरबाईला आता कुठे उमगलं. चूक पोरीची नव्हती. धान्य मापताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. तिचा बाप खळ्यावर तसंच म्हणायचा, नवरा बाजारात तसंच म्हणायचा, आणि महिनाभर वाळू मोजताना, चिंचोके मोजताना तीही तसंच म्हणत आली होती. आपण एक म्हणत नाही हे तिला कधी ऐकूच आलं नव्हतं. आता पोरीला दटावून उपयोग नव्हता. पहिल्या मापाला एक म्हटलं की राशीची बरकत जाते, हे कुंडलिकने तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, आणि बापाचा शब्द बजा मोडणाऱ्यांतली नव्हती.

सोजरबाई पोरीसमोर उकिडवी बसली.

"बजे, ह्यो खडू कुनाचा?"

"शाळंचा."

"आपल्या घरी न्यायचा हाय का?"

"न्हाय."

"मग? घरात येतंय त्याला लाभ म्हनायचं. दुसऱ्याचं नुस्तं मोजायचं."

बजाने खडूंकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. तिने पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"मग ह्याला एक म्हनलं तर चालतंय?"

"चालतंय."

"एक," बजा म्हणाली, आणि वीसला जाऊन थांबली.

जगदेवीबाईंनी खडू गोळा केले नाहीत. "यातले निम्मे मला दे," त्या म्हणाल्या. बजाने एक तुकडा बाईंकडे, एक आपल्याकडे, असं करत टेबल रिकामं केलं. आपल्या वाट्याचे न मोजताच ती म्हणाली, "धा तुमचं, धा शाळंचं."

बाई हसल्या. "आमच्या अक्कलकोटकडे माझे वडीलही पहिल्या मापाला लाभच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "कितीतरी वर्षांनी ऐकला हा शब्द." मग त्यांनी वही उघडली. "जन्मतारीख?"

"ज्वारी पोटऱ्यात हुती तवाची, ऐन थंडीतली," सोजरबाई म्हणाली.

बाईंनी नेहमीप्रमाणे एक जून लिहिलं आणि त्या एका ओळीत बजाचं वय सहा महिन्यांनी वाढलं.

कोंडीबाने रिकामी पिशवी खांद्यावर टाकली. "आता पाळन्याचं काय करू, वैनी?"

"दोरी लांब बांधा. चुलीपशी बसून हलवता येतोय. हिला मी तसंच वाढवलं की."

तो काहीतरी पुटपुटत स्टँडकडे निघून गेला. बजा वर्गात गेली होती. सोजरबाई खिडकीखाली उभी राहून आतला आवाज ऐकत होती. बाई हजेरी घेत होत्या, आणि आपलं नाव आल्यावर ओ द्यायची असते हे कुणी न शिकवताही बजाने एवढ्या जोरात ओ दिली, की शेजारच्या वर्गातलं पाढे म्हणणं क्षणभर थांबलं.

त्या वर्षी शाळा दोनशे अठ्ठावीस दिवस भरली. हजेरीपटावर बजाचे दिवस दोनशे एकवीस होते.