उंच तारांची गिटार

लूशसची गिटार हातात घेतली की भलेभले वाजवणारे तोंड वाकडं करून ती परत ठेवायचे. तारा पट्टीपासून इतक्या उंच की दाबता दाबता बोटं सोलून निघायची. "अरे, ही गिटार आहे की कुंपण?" आमच्या बँडचा ड्रमवाला क्लीओ म्हणायचा, आणि माझा नवरा लूशस असा फुलायचा की विचारू नका.

पण लूशसचंही खरं होतं. आमचा होबार्ट फिनीचा बँड म्हणजे सगळे फुंकणारे आणि बडवणारे, आणि त्यांच्यात हा एकटा पोकळ लाकडाची पेटी मांडीवर घेऊन बसलेला. आताची पोरं गिटारला विजेची वायर जोडतात. लूशसला ती फसवणूक वाटायची. तारा जाड हव्यात, उंच हव्यात, सहाच्या सहा वाजल्या पाहिजेत, हे त्याचं म्हणणं. कॅन्सस सिटीतले सगळे जुने गिटारवाले असंच म्हणायचे.

आणि काय गिटार होती बाई ती! पुढची फळी वाकवलेली नव्हे, तासून तासून फुगीर केलेली, अगदी व्हायोलिनसारखी. मागचं लाकूड उजेडात फिरवलं की त्यातल्या रेषा हलताना दिसायच्या. तिच्यावरची घोडी, म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात तो लाकडाचा तुकडा, ना चिकटवलेली ना खिळ्याने ठोकलेली. नुसत्या तारांच्या दाबाने उभी. तिचे पाय पोटाच्या फुगवट्यावर नीट बसावेत म्हणून लूशसने एका हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात तळ ठोकला होता. गिटारवर पॉलिशपेपर खरखरीत बाजू वर करून अंथरायचा आणि त्यावर घोडी घासायची. घासायची, बघायची, परत घासायची. माझ्या मक्याच्या पिठात तो काळा भुसा पडला तेव्हा मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण शेवटी घोडी अशी बसली की खालून केसभर उजेड दिसेना, आणि त्याने एकच तार छेडली तर कपाटातल्या बश्या किणकिणल्या. तेव्हा मीच शेजारणीला बोलावून आणलं ऐकायला.

अशी गिटार बँडमध्ये कानाला ऐकूच येत नाही. ती पायांना ऐकू येते. मी लग्नाआधीपासून त्या बँडवर नाचतेय, मला कोणी सांगायला नको. त्या वसंतात एका रविवारी दुपारच्या नाचाला माझे पाय चुकले. एकदा चुकले, दोनदा चुकले. मी मान वर करून स्टेजकडे पाहिलं. लूशसचा उजवा हात नेहमीसारखा वरखाली चाललेला, डावा पट्टीवरून फिरतोय, आणि तारा दाबतच नाहीये! नुसतं नाटक!

त्याची बोटं सुजतात हे मला माहीत होतं. सकाळी शर्टाची बटणं मीच लावून द्यायचे. पण स्टेजवर बसून असा खोटेपणा? माझं डोकंच फिरलं.

घरी जाताना मी विचारलं, "आज तू वाजवत नव्हतास ना?"

"वाजवत होतो."

"माझ्या पायांना शिकवू नकोस, लूशस."

तो रस्त्यातच थांबला. म्हणाला, "होबार्टलाही कळलंय. दोनदा वळून बघितलं त्याने. बाकीच्या बँडांनी गिटारची खुर्चीच काढून टाकली, कोणाचं काही अडलं नाही, म्हणतो. मंगळवारच्या तालमीत ठरवणार आहे." मग हळूच म्हणाला, "त्या खुर्चीवर नसलो तर मी कोण गं, व्हर्डेल?"

मी त्याच्या हातातली गिटार घेतली आणि चालायला लागले. 

सोमवारी मी बँडचे कोट इस्त्री करत होते. ते काम माझ्याकडेच असायचं. लूशस टेबलाशी गिटार घेऊन बसला होता, वाजवत नव्हता.

"तारा खाली घे ना," मी म्हटलं. "त्या घोडीला उंची कमीजास्त करायच्या दोन चकत्या आहेत, त्या कशाला दिल्यात?"

"त्या म्हाताऱ्यांसाठी असतात."

"मग तू कोण, नवरदेव?"

 तो उठला, तारा सैल केल्या आणि चकत्या फिरवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! या खटाटोपात घोडी जागची सरकली. मग ती परत जागेवर आणायची म्हणजे तार मोकळी छेडायची, मग तीच तार मध्यावर दाबून छेडायची, लाकडाला कान लावायचा, आणि दोन्ही सूर जुळेपर्यंत घोडी नखभर इकडे, नखभर तिकडे. सकाळ त्यातच गेली. पण त्याचा कान बघा! दुखऱ्या बोटांनीसुद्धा त्याने घोडी अचूक जागी आणली. मी इस्त्री ठेवून बघतच राहिले.

मग त्याने वाजवलं. बोटांना त्रास झाला नाही, पण आवाज अगदी मेलेला. माझ्या इस्त्रीच्या फळीपलीकडेसुद्धा जाईना. त्याने जोर लावला तर तारा पट्टीवरच्या धातूच्या पडद्यांवर आपटून झणझण करायला लागल्या.

 त्याने चकत्या उलट्या फिरवून सगळं पहिल्यासारखं उंच करून ठेवलं. "असू दे," म्हणाला. "उद्या मीच जाऊन सांगतो होबार्टला, खुर्ची काढून टाक."

मी एकच बाही पुन्हा पुन्हा इस्त्री करत राहिले. रडू दाबायचं तर हाताला काहीतरी काम हवं होतं. तोही उठला नाही. स्वतःशीच, कोणासाठी नाही, असा काहीतरी वाजवायला लागला. आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझी इस्त्री ठेक्यात चाललीये.

"काय केलंस ते?"

"काही नाही. चोरी. सहा तारा झेपत नाहीत म्हणून मधल्या दोनच दाबल्या. बाकीच्या वाजू नयेत म्हणून त्यांच्यावर नुसती बोटं टेकवलीत."

"परत कर चोरी."

"हे काही वाजवणं नाही गं. अर्धवट कॉर्ड आहे, सहांतले दोनच सूर. लोक हसतील."

"लूशस टॉलिव्हर, परत कर म्हणते ना!"

त्याने केलं. गिटारच्या पोटातून गोल, घट्ट आवाज येत होता. कसला गोंगाट नाही, गिचमीड नाही. मी मागच्या अंगणात गेले, दार लावून घेतलं. आवाज दारातून माझ्यामागे आला, थेट टाचांपर्यंत. आत येऊन म्हटलं, "अंगणात ऐकू येतंय."

"तू बायको आहेस. तू काहीही बोलशील."

"मी कधीपासून तुझ्याशी गोड बोलायला लागले?"

त्याने मान खाली घातली आणि संध्याकाळपर्यंत तीच चोरी करत बसला.

तालमीला बायकांनी यायचं नाही असा नियम. पण कोट तर पोचवायला हवेत की नाही? मी वादकांच्या युनियनच्या माडीवर गेले आणि एकेक कोट सावकाश टांगायला लागले. होबार्ट पियानोवर. माणूस वाळक्या शेंगेसारखा, कोणाची स्तुती केल्याचं ऐकिवात नाही. त्याने मुद्दाम जलद गाणं काढलं. ट्रम्पेटवाले असे तुटून पडले की मला लूशसचं काही म्हणता काही ऐकू येईना. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. मग सॅक्सोफोनची पाळी आली, आणि बुटातली माझी बोटं आपोआप हलायला लागली. क्लीओने चमकून लूशसकडे बघितलं आणि मोठ्या ढोलावरचा पाय काढून घेतला; ठेका आता गिटारच सांभाळत होती.

होबार्टने हात वर केला. सगळे थांबले.

"लूशस, तारा बदलल्यास?"

"नाही."

"घोडी हलवलीस?"

"काल उतरवली, परत चढवली. होती तिथेच आहे."

"मग केलंस काय?"

खोटं बोल रे बाबा, मी मनातल्या मनात म्हणत होते. काहीही सांग. पण लूशसने डावा हात वर केला, सुजलेल्या सांध्यांसकट, सगळ्यांना दिसेल असा. "ही दोन बोटं उरलीत, होबार्ट. बाकीची दाबत नाहीत. दोन तारा मिळतील. माझ्याकडे तेवढंच आहे."

 होबार्टने त्या हाताकडे बघितलं.

"आणि इतकी वर्षं बाकीची दोन बोटं काय माझ्या बँडचं वाटोळं करत होती?"

क्लीओच्या हातातल्या काठ्या खाली पडल्या. सगळी माडी हसायला लागली, आणि सगळ्यात जोरात लूशस. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मी तर ट्रम्पेटवाल्याच्या नुकत्याच इस्त्री केलेल्या कोटात तोंड घालून मनसोक्त रडून घेतलं.

होबार्ट ट्रम्पेटवाल्यांकडे वळला. "तुम्ही जरा हळू," तो म्हणाला. "मला माझी गिटार ऐकायचीये."