सोड दोरी, ओढ दोरी

प्रभावतीबाईंनी चिपळूणहून येताना बॅगेत नऊवारी टाकली होती. "सहावारी पायात येते गं," त्या सुनेला म्हणाल्या होत्या. आज होडीत त्यांनी काष्टा असा कसला, वरून केशरी लाइफ जॅकेट असं चढवलं, की सुकाणूशी बसलेली शर्वाणी बघतच राहिली. या पोशाखाला समुद्रात काही अडचण असते, असं कुणी म्हणालं असतं तर तिने ते हसण्यावारी नेलं असतं.

अबुधाबीच्या पूर्वेला, शहराच्या काचांकडे पाठ फिरवली की बेटंच बेटं लागतात. कुठे नुसती वाळूची पाठ, कुठे पाण्यात पाय सोडून बसलेली हिरवीगार झाडी. जानेवारीचं ऊन साईसारखं मऊ. उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे.

"अगो, ही तर आपलीच तिवरं!" प्रभावतीबाई ओरडल्या. "खाडीतली! इथे कधी आली?"

"विमानाने," अंबादासराव म्हणाले. "तुझ्याआधी. त्यांच्याकडे सामान कमी होतं ना."

अंबादासराव शर्वाणीचे सासरे. चिपळूण डेपोचे निवृत्त कंडक्टर. होडीत पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी डोलकाठीवर चमच्याने दोनदा टणटण करून डबल बेल दिली होती. शर्वाणीचा नवरा देवदत्त मुसाफ्फाला साइटवर अडकलेला, त्यामुळे आजचा खलाशीवर्ग म्हणजे सासू, सासरे आणि नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा ओढलेली लेक मिहिका.

सगळं छान होतं. फक्त शर्वाणीचा एक निर्णय व्हायचा होता.

होड्यांच्या क्लबमध्ये तिला शिडाची होडी चालवायला शिकवणाऱ्या शहनाझने तिला बायकांच्या होडीची कॅप्टन व्हायला सांगितलं होतं. वर हेही सांगितलं होतं, "तुम सब जानती हो. बस तुम्हारी आवाज़ पहुँचती नहीं." खरंच होतं ते. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटमध्ये तिचा आवाज स्वयंपाकघरातून हॉलपर्यंतही जात नसे. आज संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. तिने मनाशी ठरवलं होतं, घरच्या माणसांना घेऊन होडी नीट फिरवून आणता आली तर हो म्हणायचं. घरच्यांवरही हुकूम चालला नाही, तर परक्या बायकांवर काय चालणार?

दोन बेटांमधल्या तळ्यासारख्या पाण्यात नांगर टाकून त्यांनी धपाटे खाल्ले. गप्पा रंगल्या, आणि ओहोटी लागल्याचं शर्वाणीच्या जरा उशिराच लक्षात आलं. तिने लगबगीने नांगर उचलला, मोटर सुरू केली. मोटरने समुद्री गवताचा झुबका गिळला, खोकली आणि गप्प झाली.

"खलास," मिहिका म्हणाली.

बाहेर पडायची वाट अरुंद, आणि वारा नेमका तिथूनच आत येणारा. शीड उभारून नागमोडी जायचं, एवढाच मार्ग. दर वळणाला होडीने नाक वळवलं की एका बाजूच्याने पुढच्या शिडाची दोरी सोडायची आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूच्याने ओढायची. डावीकडे अंबादासराव, उजवीकडे प्रभावतीबाई. शर्वाणीने त्यांना नीट समजावलं. मग सुकाणू वळवलं.

"बाबा, जरा ती दोरी सोडता का? आणि आई, तुम्हाला त्रास नसेल तर..."

वाक्य संपेपर्यंत वेळ निघून गेली. शीड फडफडलं, होडी अर्ध्यावर अडखळली, मागे सरकली, आणि तिचं बूड खस्सकन वाळूला घासलं.

"मला वाटलं, तू विचारतेयस," अंबादासराव ओशाळून म्हणाले.

"मॉम, यू हॅव टु शाउट!"

"आजी-आजोबांवर कसं ओरडू गं?"

होडी कशीबशी सुटली. पण कडेची वाळू आता पाण्यातून पिवळी दिसू लागली होती. शर्वाणीने फोन हातात घेतला. एक फोन केला की शहनाझ मोटरबोट घेऊन येईल, दोरीला बांधून ओढत नेईल. उत्तर द्यायचीही मग गरज उरणार नाही.

"ठेव तो," प्रभावतीबाई म्हणाल्या. "तुझी पहिली मंगळागौर आठवते? सगळ्या आळीसमोर माझ्याशी फुगडी घातलीस. 'फिर गं सासू, दमलीस का' म्हणत मला असं गरगरवलंस, की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. तेव्हा कुठून आला होता आवाज?"

शर्वाणी लाजली. "आई, तो खेळ होता."

"मग हा काय आहे? खेळात सासू नसते. तू म्हण, आम्ही धरतो."

"मला पण घ्या," अंबादासराव म्हणाले. "डेपोत याहून वाईट ऐकलंय मी."

वाळू जवळ येत होती. शर्वाणीने डोळे वाऱ्यावर लावले, सुकाणू लोटलं, आणि गळ्यात जे आलं ते मोकळं सोडलं:

"सोड रे सासऱ्या, सोड रे दोरी,
वारा आला दारी गं, वारा आला दारी!
ओढ गं सासू, ओढ गं दोरी,
होडी निघाली माहेरी गं, होडी निघाली माहेरी!"

'सोड'ला दोरी सुटली. 'ओढ'ला प्रभावतीबाईंनी पाय टेकवून असा हिसका दिला, की होडी फुगडीतल्या पोरीसारखी गर्रकन वळली. शीड भरलं. पुढचं वळण उलट्या बाजूचं; सोडायला सासू, ओढायला सासरा. झिम्म्यात नाही का, एक रांग पुढे तर दुसरी मागे, तसंच. मिहिका टाळ्यांवर ठेका धरून होती. प्रभावतीबाई मागून ओळ झेलत होत्या, मध्येच टोमणा मारत होत्या, "अहो कंडक्टर, झोपलात का? ओढा!"

आणि शर्वाणी बघत होती. बाईंचे तळवे लाल झालेले, केस सुटलेले, नाकातली मोरणी उन्हात चमकतेय, आणि हात कसे गाण्याच्या नेमक्या मात्रेवर पडताहेत! आयुष्यभर या हातांनी बायकांच्या रांगाच्या रांगा नाचवल्या होत्या. समुद्र त्यांना आणखी एक अंगण वाटला असावा.

शेवटच्या वळणाला गाणं म्हणायला वेळच नव्हता. वाळू हाताच्या अंतरावर.

"सोडा! ओढा!" शर्वाणी गरजली.

दोन्ही हात हलले. होडी निसटली, वाट मागे पडली, आणि समोर निळंशार पाणी खुलं झालं. अंबादासरावांनी डोलकाठीवर डबल बेल दिली. "सीट मिळाली बुवा," म्हणून टेकले.

"आई, मघाशी चुकून ओरडले..."

"काय चुकून? हुकूम स्पष्ट होता," प्रभावतीबाई म्हणाल्या. "धपाटा उरलाय का बघ."

धक्क्यावर शहनाझ कमरेवर हात ठेवून वाट बघत उभी होती. "तो? क्या सोचा?" ती लांबूनच ओरडली.

शर्वाणीने दोरीचं वेटोळं उचललं, हात मागे नेला.

"शहनाझ, पकड!"

दोरी हवेतून गेली. शहनाझने ती छातीशी झेलली आणि खो-खो हसत सुटली. "पहुँच गयी, हबीबी! पहुँच गयी!"

होडी बांधली जात असताना प्रभावतीबाई सुनेच्या कानाशी आल्या. "तुझ्या त्या होडीतल्या बायका कुठकुठल्या गं? त्यांना हे गाणं कसं जमायचं?"

"शिकवीन," शर्वाणी म्हणाली. "तुम्ही मागून ओळ धरायला या."