वाऱ्याच्या तोंडाला

“दादा, बाटल्या द्या हिकडं आणि तुमी पुढं व्हा,” सिद्धनाथ म्हणाला.

मृत्युंजय नुकताच सायकल मागं नेऊन संघाच्या गाडीतून पाणी घेऊन आला होता. जर्सीच्या पाठीवरचे खिसे, छाती, जिथं जागा मिळेल तिथं बाटल्या कोंबलेल्या. त्या वाटायच्या, रिकाम्या गोळा करायच्या आणि मग पुढं जाऊन वारा अडवायचा, हेच त्याचं काम. त्याला वाटलं, वारा वाढलाय म्हणून हा घाई करतोय.

“थांब की. अद्याची राहिलीय अजून.”

“आदिनाथला मी देतो. तुमी जावा. घोळक्याच्या पुढं निघा आणि तसंच जात ऱ्हावा. समद्यांना सांगितलंय मी.”

“काय सांगितलंय?”

“होसळ्ळी येतीय न्हवं आता?”

मृत्युंजयने मान वर केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढणीला आलेली ज्वारी उभी होती आणि लांबवर पाण्याची टाकी दिसत होती. टाकी होसळ्ळीचीच. इतका वेळ बाटल्यांच्या धांदलीत मान खाली असल्यामुळे गाव कधी जवळ आलं ते त्याला कळलंच नव्हतं.

आणि घोळक्याने वेग कमी केला होता. पुण्याचे, केरळचे, पंजाबचे, सगळे. सैन्यदलाच्या संघाचा मिशाळ कप्तान शर्यतीच्या या पाच दिवसांत कोणाशी धड बोलला नव्हता. त्याने सायकल जरा बाजूला घेतली आणि हाताने खूण केली, “जाओ भाई. घरवाले खडे होंगे.”

ही पद्धत मृत्युंजयला माहीत होती. शर्यत एखाद्याच्या गावातून जात असली, तर बाकीचे त्याला पुढं सोडतात. तो घरच्यांना भेटतो, मागून घोळका येतो आणि त्याला पुन्हा आपल्यात घेतो. विरुपाक्ष सरांनी कधीतरी परदेशातल्या शर्यतींच्या गप्पा सांगताना हे सांगितलं होतं. पण ते मोठ्या माणसांचं, असं तो धरून चालला होता. आपल्यासाठी कोण कशाला थांबेल?

विरुपाक्ष सर सोलापुरातल्या एका कॉलेजात खेळ शिकवायचे. मृत्युंजय तेव्हा चादरींच्या गोदामात गठ्ठे बांधायचा आणि कामावर सायकलने जायचा. एका सकाळी विजापूर रोडवर सरांनी स्कूटर त्याच्या बाजूला घेतली आणि विचारलं, “रोज एवढ्या जोरात जातोस, कुठं आग लागलीय?” तिथून सुरुवात झाली. चार-पाच पोरं, मागून आणलेल्या सायकली, आणि पहाटेच्या अंधारात त्यांना दूधवाले समजून अंगावर धावणारी कुत्री. पहिल्या राज्य स्पर्धेत त्यांच्यातला एकही शेवटपर्यंत पोचला नाही. दोन-तीन वर्षांनी पोचायला लागले. मग एकाचा नंबर आला, मग दुसऱ्याचा. मग कुर्डुवाडीहून रेल्वेतल्या फिटरचा मुलगा सिद्धनाथ आला आणि शेवटच्या वळणानंतर हा पोरगा जे काही करतो ते कोणालाच करता येत नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी पंप बनवणाऱ्या एका कंपनीने संघाला नाव दिलं, सायकली दिल्या, पगार सुरू केले. यंदा संघाची व्यावसायिक म्हणून नोंदणी झाली. सोलापूरचा संघ! जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीतून लोक हात करायला लागले.

या सगळ्यात मृत्युंजय कधीच पहिला आला नाही. दुसरा नाही, तिसराही नाही. तो पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, बाकीचे त्याच्या पाठीआड बसून ताकद राखायचे आणि शेवट जवळ आला की तो बाजूला व्हायचा. त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता. वाटायचा तो गावी गेल्यावर. पारावर कोणीतरी हटकून विचारायचं, “काय मृत्युंजय, औंदा तरी नंबर?” तो हसून टाळायचा. पण त्याच्या आईला, गुरम्माला, तेच लोक पिठाच्या गिरणीत विचारायचे. ती काय उत्तर देते, हे त्याने कधी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात सरांनी त्याला घरी चहाला बोलावलं. पुढच्या वर्षी संघ युरोपात शर्यती खेळणार होता. कंपनीला तरणी पोरं हवी होती. सर बराच वेळ चमच्याने चहाच ढवळत बसले. शेवटी मृत्युंजयच म्हणाला, “सर, कळलं मला. तुमी नका बोलू.” सरांचे डोळे भरून आले, तर यानेच त्यांना पाणी आणून दिलं. घरी बायकोला, चंद्रिकाला, सांगितलं. आईला सांगायचं राहिलं होतं.

तो घोळक्यातून पुढं निघाला.

समोर कोणी नव्हतं. मोकळा रस्ता, पोलिसांची एक मोटरसायकल आणि उजवीकडून झोंबणारा वारा. एरवी याच वाऱ्यात मागची माणसं सांभाळून चालवायचं असायचं. आता मागं कोणी नव्हतं, म्हणून त्याला उगीचच चुकल्यासारखं वाटलं.

गावाच्या कमानीपाशी सगळी होसळ्ळी लोटली होती. शाळेची पोरं कागदी झेंडे घेऊन, बाया डोक्यावर पदर घेऊन, म्हातारे सोसायटीच्या पायरीवर. तो दिसला तशी एकच आरोळी उठली.

“पैला! आपला मृत्युंजय पैला आला!”

कोणीतरी हलगी बडवायला लागलं. पोरं नाचायला लागली. पारावरच्या त्याच माणसांनी टोप्या उडवल्या. मृत्युंजयचं तोंड लाजेने तापलं. ही काही शर्यत जिंकलेली नव्हती. ओरडून सांगावं, ‘अरे, मला सोडलंय रे त्यांनी,’ असं त्याला वाटलं. पण हलगीपुढं कोण ऐकणार?

आई कडुलिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. शेजारी चंद्रिका उभी होती. तो उतरला. बुटांच्या तळाला लोखंडी पट्ट्या, त्यामुळे डांबरावर नीट पाऊलही ठरेना. कसाबसा चालत गेला आणि वाकून आईच्या पायांना हात लावला.

गुरम्माने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. गालावर वाळलेलं मीठ तिच्या बोटांना खरखरीत लागलं.

“ऊट आत?” तिने कानडीत विचारलं. जेवलास का? पोरगा परीक्षेहून येवो की परगावाहून, तिचा पहिला प्रश्न हाच.

“झालं, अव्वा.”

“काय झालं! गालफाडं बसल्यात.” मग ती त्याच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे बघायला लागली. “बाकीची कुटं हायेत?”

“मागं.”

“एवढी मागं?”

खोटं बोलायला हरकत नव्हती. सगळं गाव तेच बोलत होतं. पण ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“अव्वा, मी पैला न्हाई. त्यांनी मला पुढं सोडलंय. माझं गाव हाय म्हणून.”

“सोडलंय? समद्यांनी?”

“व्हय.”

हलगी वाजतच होती. गुरम्माने पदराने त्याचं कपाळ पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

“त्यांची तुजी वळख हाय?”

“सोबत चालवतो की.”

“मग चांगलं चालवत असशील,” ती म्हणाली. “उगं कोण कुणाला पुढं सोडतंय?”

मृत्युंजय तिच्या खुर्चीपाशी टेकला. चंद्रिका दुसरीकडे बघत होती.

“अव्वा, पुढच्या सालापासनं मी न्हाई ह्यात.”

“सांगितलंय चंद्रीनं,” गुरम्मा म्हणाली. “जा आता. अशा माणसांना खोळंबून ठेवू न्हाई.”

घोळका रंगीत पाखरांच्या थव्यासारखा कमानीतून आत आला आणि निघूनही गेला. मृत्युंजय सायकलवर चढेपर्यंत शेवटचा माणूस गावाबाहेर पडला होता. तसं बिघडलं नसतं. घोळका संथच होता. पण एका नव्या संघातल्या दोघा पोरांना ही रीतभात ठाऊक नव्हती. रस्ता मोकळा दिसला आणि त्यांनी जोर लावला. त्यांच्या मागं दुसरे, त्यांच्या मागं तिसरे. बघता बघता घोळका ताणला गेला आणि वाऱ्यात लांब निघून गेला.

मृत्युंजय एकटा राहिला. मान खाली घालून त्याने पाय मारायला सुरुवात केली, पण एकटा माणूस घोळक्याला गाठू शकत नाही. त्याला हे बाकी कोणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. गाव मागं पडलं, टाकी मागं पडली. बरं झालं, त्याने स्वतःला समजावलं. अव्वाने बघितलं. एवढं पुष्कळ झालं.

चढ ओलांडला तर रस्त्याच्या कडेने दोघं जण रमतगमत चालले होते. त्यांच्याच संघाची निळी जर्सी. एक आदिनाथ. दुसरा सिद्धनाथ, ज्याने आज सोलापुरात, घरच्या मैदानावर जिंकावं म्हणून कंपनीचे सगळे साहेब मांडवात येऊन बसले होते.

“तू हितं काय करतोयस?” मृत्युंजय ओरडलाच. “पुढं जा! सर काय म्हणतील?”

“म्हणत असतील की कायतरी,” सिद्धनाथ म्हणाला. “कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलंय.”

“अरे येड्या, तुजी शर्यत हाय ही!”

“दादा, मागं लागा.”

“सिद्धू...”

“मागं लागा म्हणतोय न्हवं! उगं वेळ घालवू नका.”

मृत्युंजय सिद्धनाथच्या मागं लागला. आणि वारा थांबला. खरं तर तो थांबला नव्हता. कडेची ज्वारी तशीच एका अंगाला झुकली होती. पण त्याच्या छातीवरचा, तोंडावरचा, डोळ्यांतला वारा नाहीसा झाला. कानात इतकी वर्षं घोंगावणारा आवाज एकदम बंद झाला. चाकांची सरसर ऐकू आली, आदिनाथचा श्वास ऐकू आला, शेतातल्या कुठल्याशा बाईने मारलेली हाक ऐकू आली. दुसऱ्याच्या पाठीआड असं असतं तर! पोरं एवढी वर्षं इथं बसत होती. त्याला अचानक फार बरं वाटलं. आपण ज्यांना हे दिलं त्यांना काय दिलं, ते त्याला आज कळलं.

अक्कलकोट येईपर्यंत तो तसाच मागं बसला. पाय परत जागे झाले. मग तो बाजूने वर आला.

“बाजूला सर आता.”

“दादा, ऱ्हावा की अजून.”

“तुजे पाय शेवटाला लागतील. माजे आत्ताच खर्चायचे हायेत.”

सिद्धनाथने त्याच्याकडे बघितलं आणि जागा दिली.

त्यानंतर मृत्युंजयने जे चालवलं, त्याबद्दल आदिनाथ पुढं कितीतरी दिवस सांगत राहिला. वळसंगच्या अलीकडे घोळका दिसला, कुंभारीच्या आधी त्यांनी तो धरला. मृत्युंजय तिथंही थांबला नाही. कडेकडेने दोघांना पार पुढं घेऊन गेला आणि शहर लागेपर्यंत पुढंच राहिला. मग मांडीत गोळा आला, पाय लाकडासारखा ताठ झाला. त्याने कोपर हलवून खूण केली आणि तो बाजूला झाला. निळी जर्सी त्याच्या शेजारून सुटली. जाताना सिद्धनाथचा हात त्याच्या पाठीवर टेकला, आणि घोळका वळणाआड दिसेनासा झाला.

तो हळूहळू येत राहिला. एक पाय मारत होता, दुसरा नुसता फिरत होता. बऱ्याच वेळाने शहराच्या बाजूने मोठा गलका ऐकू आला, फटाके वाजले. कोण जिंकलं ते इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. चौकात चहाच्या गाडीवरचा माणूस मोबाइलवर ओरडत होता, “आपला! आपला! सोलापूरवाला!” मृत्युंजय थांबला नाही, पण त्याने हँडलवरचे हात सोडून डोळे पुसले.

शेवटच्या रस्त्याला लागला तेव्हा पोलिसांनी एका बाजूची वाहतूक सोडून दिली होती. शर्यत संपली असं समजून कठड्यामागची माणसं मांडवाकडे पांगली होती. शर्यत जिथं संपते त्या पांढऱ्या पट्ट्यावरून स्कूटर जात होत्या, उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर जात होता. मृत्युंजय त्या गर्दीत शिरला आणि कडेकडेने पुढं सरकू लागला.

त्याच्या शेजारच्या रिक्षावाल्याने त्याच्या पाठीवरचा नंबर बघितला. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्याने रिक्षा तिथंच आडवी घातली, अर्धा बाहेर झुकला आणि मागच्यांना हात केला.

“रुको रे! हॉर्न क्या मारते? अभी एक बाकी है.”

हॉर्न थांबले. स्कूटरवाल्यांनी पाय टेकले, ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक दाबला. मृत्युंजयने जर्सीची चेन गळ्यापर्यंत ओढली, पाठ सरळ केली आणि मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून तो सावकाश त्या पट्ट्यापलीकडे गेला.