बादलीला हात

शहरातल्या माणसांना सगळं कळतं, फक्त गावात काय चालतं तेवढं कळत नाही. राजधानीहून, लिलोंग्वेहून, सिनेमावाले आले तेव्हाही तेच. एचआयव्ही झालेल्या एका आईचा सिनेमा त्यांना आमच्या गावात काढायचा होता. दिग्दर्शक लिंबानी हापशापाशी बायकांना गोळा करून समजावत होता, "ही वेझी, सिनेमातली आई. ही पाण्याला आली की तुम्ही आरडाओरडा करायचा, शिव्या द्यायच्या, दगड मारायचे."

म्हातारी डोरिका खो खो हसली. "दगड? अरे बाळा, आम्ही काय मक्यातली माकडं हाकलतोय?"

"मग अशा बाईला तुम्ही कसं हाकलता?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि घोळक्यातल्या फालेसीच्या तोंडून निघून गेलं, "हाकलत कुणीच नाही, साहेब. फक्त तिच्या बादलीला हात लावत नाही."

बोलून गेली खरी, पण तिचं तिलाच धस्स झालं. काठोकाठ भरलेली बादली एकटीनं डोक्यावर घेता येत नाही, समोरून दुसरीनं धरावी लागते. गावातल्याच एनेलेसीला ती लागण झाल्याचं गावात कळलं, तेव्हा तिला कुणी वाकडा शब्दसुद्धा बोललं नव्हतं. नुसता हात द्यायचा थांबवला होता. अर्धी बादली ओतून टाकायची बिचारी, नि अर्धीच्या खेपा घालत बसायची. शेवटी मुलं घेऊन भावाच्या गावी निघून गेली.

ते सगळं बघत फालेसी याच हापशावर उभी होती. लेक तियामिके तेव्हा पोटात होती, आणि तेच दुखणं तिच्याही अंगात होतं. नवरा जोहान्सबर्गला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून ती मांदासी, पिठाचे गोड वडे, तळून विकायची, आणि पीठ आणायला जाते असं सांगून नदीपलीकडच्या दवाखान्यातून गोळ्या आणायची. गावाला कळलं तर तिच्या हातची मांदासी कोण खाणार? आणि तियामिकेचं काय? ती पोरगी जिथं दुपार होईल त्या घरी हात धुऊन न्सिमाच्या, मक्याच्या उकडीच्या, ताटाला बसायची. ते ताट कुणी तिच्यापुढून ओढून घेतलं तर? नुसत्या विचारानं फालेसीचं काळीज तुटायचं.

लिंबानीला मात्र घबाडच सापडलं. "वा! हेच दाखवायचं. आणि ताई, ते तूच करायचंस."

कॅमेरा सुरू झाला. वेझीनं बादली भरली, वाकली आणि म्हणाली, "बाई, जरा हात लाव गं." फालेसीनं तोंड फिरवायचं होतं. तिनं बादली उचलून दिली.

"कट!"

बायका फिदीफिदी हसल्या. पुन्हा केलं, तरी तेच. हात आपोआपच पुढे गेले.

"अगं, खोटं खोटं करायचंय!" डोरिका ओरडली. ही फालेसीच्या आईची थोरली बहीण, म्हणून फालेसी तिला मोठी आई म्हणायची. "साखरेचा पुडा मिळणारेय प्रत्येकीला. तुझ्या मायेपायी आमचा चहा बुडवू नको."

मग फालेसीनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले. वेझीनं जोर लावून पाहिला, बादली काही उचलेना. तिनं इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणी शिकवलेलं नसताना बादली कलती करून पाणी ओतायला लागली.

"ओतू नको!" फालेसी किंचाळली. "ओतू नको गं पाणी! मीपण त्याच गोळ्या खाते. पोर पोटात होती तेव्हापासून खाते. मलापण एचआयव्ही आहे!"

मग लिंबानीनं टाळ्या पिटल्या. "काय बोललीस ताई! हे कुणी शिकवलं तुला?"

"नाटकी आहेच ती, लहानपणापासून!" डोरिका कौतुकानं म्हणाली, आणि सगळ्याजणी मोकळेपणानं हसल्या.

फालेसीचा जीव भांड्यात पडला. सुटली होती ती. आपणही हसायचं, साखर घ्यायची, घरी जायचं.

"आता तेच परत बोल," लिंबानी म्हणाला. "कॅमेरा जवळ आणतो."

फालेसीला परत बोलवेना. एकदा नाटक म्हणून बोललं की ते कायमचं नाटकच होणार होतं. लपवून लपवून ती फार दमली होती. कॅमेऱ्याला वळसा घालून ती डोरिकासमोर जाऊन उभी राहिली.

"मोठी आई, मी नाटक नाही केलं. पलीकडे मी पिठासाठी जात नाही."

डोरिकाचं हसू विरलं. "आणि पोर?"

"तिला काही नाही. तपासून घेतलंय. गोळ्यांनीच वाचली ती."

घोळक्यातल्या दोघीजणींनी एकमेकींच्या बादल्या उचलून दिल्या आणि साखर न घेताच निघून गेल्या. बाकीच्या खाली बघत राहिल्या. लिंबानीनं कॅमेरावाल्याला हळूच खूण केली.

"ए बाळा, बंद कर ते!" डोरिका कडाडली. "हे तुझ्या सिनेमातलं नाही."

फालेसीची बादली केव्हाची भरलेली होती. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, वाकून एका बाजूनं बादली धरली आणि तशीच थांबली. मेले तरी अर्धी नेणार नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

बऱ्याच वेळानं डोरिकाची पावलं समोर आली. "इतकी वर्षं माझ्या दारावरनं जात होतीस, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"एनेलेसीला तू हात दिला नव्हतास, मोठी आई."

"नव्हता दिला," डोरिका म्हणाली.

मग ती वाकली, कण्हत कण्हत दुसरी बाजू धरली, आणि बादली वर गेली. फालेसीचे दोन्ही हात बादलीला होते आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. डोरिकानं कमरेच्या कापडाचं टोक ओढलं आणि शेंबड्या पोराचं पुसावं तसं तिचं तोंड खसाखसा पुसलं.

"आता रडू नको बये," ती म्हणाली. "मान हलली की पाणी सांडतं. चल, मी येते बरोबर."