रंग न आलेली ओल

बाबांच्या खोलीतली ओल काही केल्या हटेना. आधीच्या प्लंबरने हात टेकले, गच्चीवर नवा थर झाला, न्हाणीघराच्या फरशा उखडून पुन्हा बसल्या, तरी कपाटामागची भिंत आपली ओली ती ओलीच! ताईच्या अगदी नाकी नऊ आले. घर घेणारा पक्का होता, पण भिंत कोरडी दिसल्याशिवाय सही करणार नाही म्हणून अडून बसलेला. सही झाली की बाबा दादाकडे जाणार आणि ताई दुसऱ्या गावच्या नोकरीवर. चाळिशी उलटल्यावर मिळालेली नोकरी, तीही महिनाअखेरपर्यंतच वाट बघणार होती. आई गेल्यापासून ताईची धाव औषधाच्या दुकानापर्यंत. जीव नुसता घुसमटायचा बिचारीचा.

नवा प्लंबर मोठा बोलका. "पाणी म्हणजे चोर हो ताई. चोराला रंग फासला की संपलं!" असं म्हणत त्याने टाकीत निळा रंग कालवला, मोरीत लाल ओतला आणि गच्चीवर हिरवा. भिंतीवर जो रंग फुटेल, तिकडून गळती. "प्यायचं पाणी तेवढं आधी भरून घ्या," त्याने बजावलं.

ताईने पिंप भरून झाकून ठेवलं. बाबांच्या उशाशी लागणारा पाण्याचा जगही त्यातूनच भरू लागली. बाबा पलंगावरून सगळं मुकाट बघत होते.

भांडी घासून ताईचे हात निळे झाले, पण भिंतीवर रंगाचा ठिपका नाही. प्लंबर परत आला, त्याने कपाट ओढलं आणि पांढरं फडकं भिंतीवर दाबलं. फडकं चिंब भिजलं आणि पांढरंच राहिलं.

"कमाल आहे! असं स्वच्छ पाणी या घरात आहे तरी कुठे?"

ताईची नजर उशाशी गेली. जग रिकामा होता. रोजच असायचा. 'बाबा हल्ली किती छान पाणी पितात,' असं ती दादाला फोनवर कौतुकाने सांगायची. आणि बाबांचे ओठ मात्र सुकून फुटलेले! एवढं कसं दिसलं नाही मेलं आपल्याला? बाबांनी डोळे मिटून घेतले होते, पण पापण्या थरथरत होत्या.

असा संताप आला तिला! जग उचलून आपटावा, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं. तिने प्लंबरला कसंबसं वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं.

"का, बाबा?"

डोळे न उघडताच ते म्हणाले, "दादाकडे मला हाक मारायला कोण आहे गं? सगळे दिवसभर बाहेर."

तेवढ्यात दादाचा फोन आला. "सापडली का गळती?"

"नाही रे. भिंत फोडावी लागेल बहुतेक. घर घेणाऱ्यांना सांग, थांबायचं तर थांबा," ताई म्हणाली.

मग ती भिंतीला टेकून पोटभर रडली. डोळे पुसून तिने जग भरून आणला आणि बाबांना टेकवून बसवलं.

"आधी प्या. माझ्यासमोर."

बाबा दोन्ही हातांनी धरून घटाघट प्याले. अर्धा जग उरला, तेव्हा सवयीने त्यांची नजर कपाटाकडे गेली आणि ते उठायला लागले.

"बसा तुम्ही. पाय घसरेल," ताई म्हणाली, आणि उरलेलं पाणी तिनेच कपाटामागे नेऊन ओतलं.