राबाची माती

गावित सरांनी शाळेच्या पटांगणातली माती ग्लासात टाकून वरून पाणी ओतलं, तर मोजून चार बुडबुडे आले. मातीत हवा असते, हे सातवीच्या वर्गाला काही पटेना. रोज आम्हीच त्या पटांगणात उड्या मारून माती धोपटायचो, तिथं हवेनं राहायचं तरी कुठं?

दुसऱ्या दिवशी मी घरून राबाची माती नेली. भाताचं बी टाकायच्या आधी आमच्या सुरगाण्याकडं त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. पाणी पडलं आणि बुडबुडे थांबेनात. सर खूश झाले. म्हणाले, "ललिता, नाशिकच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग तूच मांडायचा." मी तोवर नाशिक पाहिलंही नव्हतं.

मंजुषा माझ्या बाकावरची, बदलून आलेल्या तलाठ्याची मुलगी. "मला म्हणून दाखव, मी तुझी तयारी करून घेते," म्हणाली. मी वेडी, तिला शब्दन् शब्द पाठ होऊ दिला.

आठवड्यानं सर म्हणाले, "मंजुषा बोलेल, तू पाणी ओत. तुला बोलायची लाज वाटते ना? तिनंच सांगितलं."

"मी असं नाय बोलले, सर!"

मंजुषानं वहीतून मान वर केली नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

नाशिकला परीक्षक बाई आमच्या टेबलाशी थांबल्या. मंजुषा घडाघडा बोलली. "ही माती आमच्या शेतातली," असंही म्हणाली. तलाठ्याचं कुठलं शेत!

"जाळलेल्या मातीत हवा जास्त कशी?" बाईंनी विचारलं.

हे मी तिला सांगितलंच नव्हतं. जाळल्यावर ढेकळं सुटी होतात आणि फटींत हवा शिरते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'सांग ना' म्हणून मंजुषानं टेबलाखालून माझा पाय दाबला. मी मूग गिळून पाणी ओतत राहिले. भोग म्हटलं आता तुझ्या कर्माची फळं.

बाईंनी वही मिटली. "सुरगाण्याची मुलं नुसती पाठ करून येतात," त्या सरांना म्हणाल्या, आणि जाताना माझ्याकडंही पाहिलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मंजुषाला मी कधीच माफ केलं, पण त्या मिनिटाचा माझा मलाच अजून राग येतो.